पाशाची काडतुसं

अलास्कातल्या कोडियाक बेटावर, निकिता हार्बर गावात नळाला पाणी आलं, की पाशा ओढ्यावर जाऊन आली असं समजायचं. गेली वीसेक वर्षं हेच चालू आहे. तिचं खरं नाव पारास्कोव्या, बेटावरच्या जुन्या रशियन वळणाचं, पण ते चर्चमध्ये आणि कोडियाक शहरातल्या दवाखान्यात तेवढं वापरतात. गावात ती पाशाच. बुटकी, रुंद खांद्यांची, साठी उलटलेली बाई. डावा खुबा झिजल्यामुळे तो पाय जरा ओढत चालते. ‘‘पाय कसा आहे?’’ असं कुणी विचारलंच तर म्हणते, ‘‘आहे तो बरा आहे. दुसरा आणायला कुठे जाऊ?’’

तरुणपणी ती बापाच्या बोटीवर जाळी ओढायची. पुढे गावात नळ आले, तेव्हा ते काम शिकायला दोन पुरुष शहरात जाऊन आले. एकाला ओढ्यावरची थंडी सोसली नाही, दुसऱ्याला क्लोरीनचा वास. गावसभेत ‘आता कोण?’ असा प्रश्न निघाला तेव्हा सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मागच्या बाकावरून पाशा म्हणाली, ‘‘मी करते.’’ एकदोघं हसले. पहिल्याच हिवाळ्यात पाइप गोठला आणि बर्फात गुडघ्यावर बसून, उकळत्या किटल्या ओतून ओतून तो तिने मोकळा केला. त्यानंतर हसणारे तिला वाटेत भेटले की आधी टोपी काढायला लागले.

पाणी येतं ते गावामागच्या ओढ्यातून. वर दाट झाडीत एक बुटका सिमेंटचा बांध आहे, बांधामागे डोह, आणि पाइपाच्या तोंडाशी लोखंडी जाळी. उन्हाळा उतरणीला लागला की या जाळीवर पानं, काटक्या आणि अंडी घालून मेलेले सामन मासे येऊन अडकतात. रोज कुणीतरी जाऊन दाताळ्याने ते ओढून काढावे लागतात, नाहीतर गावाचे नळ फुसफुसायला लागतात. आता जिथे मासा तिथे अस्वल. आमच्या बेटावरचं अस्वल म्हणजे उभं राहिलं तर घराच्या वळचणीला नाक लावील असं. पण त्याचं त्याला पोट भरायचं असतं, माणसाच्या वाटेला ते सहसा जात नाही. पाशा ओरडत वर जायची, ‘‘अरे, मी येतेय रे, पाणीवाली!’’ आणि अस्वलं बाजूला होऊन तिला वाट द्यायची. खांद्यावर बारा बोअरची बंदूक असायची, ती असावी म्हणून.

ऑगस्टमधल्या एका सकाळी मात्र घोटाळा झाला. पाशाने बंदूक नेहमीप्रमाणे काठावरच्या झाडाला टेकवली, डोहात मांडीपर्यंत उतरली आणि दोन्ही हातांनी दाताळं मारायला लागली. मागे फांदी मोडल्याचा आवाज आला. वळून बघते तर झुडपातून एक तरणं अस्वल निघालं आणि आरामात येऊन नेमकं बंदुकीशेजारी बसलं. तिने काठावर ओढून टाकलेल्या माशांचा ढीग त्याला आयताच मिळाला होता.

‘‘खा बाबा, खा,’’ पाशा मोठ्याने म्हणाली. ‘‘घाई नाही कुणाला.’’

त्याने मासे खाल्ले. मग बंदुकीचा दस्ता हुंगला. पट्ट्याला तिच्या घामाची चव होती, ती त्याला आवडली असावी, कारण पट्टा त्याने नीट चाटून काढला. बंदूक धाडकन खाली पडली तसं ते दचकलं आणि पाशाकडे असं बघायला लागलं की जणू हिनेच पाडली. पाशा दाताळं आडवं धरून गार पाण्यात उभी. पाय बधिर झाले, पण ती हलली नाही. शेवटी अस्वल उठलं, अंग झाडलं आणि निघून गेलं.

घरी आली तेव्हा नवरा लॅरी ओट्यावर पीठ लाटत होता. त्याचं नाव खरं तर इलारिओन. आयुष्यभर माशांच्या बोटींवर स्वयंपाकी होता. गुडघे गेल्यावर घरी बसला, आणि तेव्हापासून घरात रोज काहीतरी भट्टीत असतं. त्या दिवशी पिरोक होता. मासा, भात आणि कोबी घालून केलेली ही पाई त्याच्यासारखी बेटावर कुणाला जमत नाही.

‘‘आज फार वेळ लागला,’’ तो मान वर न करता म्हणाला.

‘‘अस्वलाने बंदूक घेतली होती. परत देईपर्यंत थांबले.’’

लॅरीचं लाटणं थांबलं. तिने मोजे काढता काढता सगळं सांगितलं. तिच्या चहात साखर एरवी तीच घालायची, ती त्याने स्वतःच घातली, आणि दुप्पट घातली.

‘‘मी घाबरले नव्हते,’’ पाशा म्हणाली. ‘‘मला राग आला. वीस वर्षं हे धूड वाहतेय आणि लागलं तेव्हा ते माझ्याजवळ नाही. मला अंगावर राहील असं काहीतरी पाहिजे. पाण्यात उतरले तरी अंगावर.’’

ही गोष्ट धाकट्या दिराच्या कानावर जायला संध्याकाळ व्हावी लागली नाही. झाखार म्हणजे लॅरीचा भाऊ, पण दोघांना एका आईने वाढवलं यावर परक्याचा विश्वास बसणार नाही. लॅरी जितका हळू, तितका हा दणदणीत. शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांना डोंगरात नेणं हा त्याचा धंदा. दार न वाजवता आत आला, पिरोकचा कोपरा तोडून तोंडात टाकला आणि म्हणाला, ‘‘वहिनी, तुला रिव्हॉल्व्हर पाहिजे. छातीवर पट्ट्याने बांधायचं. मी उद्या बोट घेऊन शहरात चाललोय, आणतो.’’

‘‘हलकं आण हं भावजी. खुब्यावर नि मानेवर ओझं नको. जड असलं तर मी ते घरी ठेवीन, आणि घरी ठेवलेल्या बंदुकीने अस्वलाला काही होत नाही.’’

‘‘सगळ्यांत हलकं आणतो.’’

आणलंही. पॉइंट चव्वेचाळीस बोअरचं, सहा घरांच्या चक्रीचं, पण वजन पाऊण किलोच्या आसपास. पाशाने छातीवर बांधून घरात दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकली, दाताळं मारल्यासारखे हात केले. कुठे अडलं नाही. मग झाखारने खिशातून काडतुसांची पेटी काढून टेबलावर आपटली. पेटीवर जबडा वासलेलं अस्वल होतं.

‘‘दुकानातली सगळ्यांत जहाल,’’ तो म्हणाला.

‘‘चित्र बघून घेतलीस ना?’’ लॅरीने विचारलं.

‘‘तू तुझं पीठ मळ.’’

दुसऱ्या दिवशी तिघं गावाच्या टोकाला गोट्यांच्या किनाऱ्यावर गेले. मागे उभा कडा आहे, गोळी पलीकडे जायचं भय नाही. कानांवर टोपरी चढवली. झाखारने वाहून आलेल्या ओंडक्यावर खडूने गोल काढला. पाशाने दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर धरलं आणि चाप ओढला.

तो आवाज तिला कानांत नाही, दातांत ऐकू आला. हात कोपरांसकट डोक्यावर उडाले, अंगठ्याखालची कातडी सोलली गेली. गोळी कड्यावर कुठेतरी लागली. ओंडका होता तसाच.

‘‘छान!’’ झाखार ओरडला. ‘‘आता घट्ट धर.’’

दुसरी गोळी ओंडक्याच्या कडेला लागली. तिसरीच्या वेळी चाप ओढला तर तो ओढलाच जाईना.

‘‘जोर लाव, वहिनी.’’

‘‘जोर आहे. चक्री फिरत नाहीये.’’

‘‘आण इकडे.’’ झाखारने नळीचं तोंड कड्याकडे ठेवून जोर लावला. मानेच्या शिरा फुगल्या, तरी चक्री हलली नाही. पाशाने चष्मा लावला आणि बाजूने निरखून बघितलं. न उडालेल्या काडतुसांपैकी एकाची शिशाची गोळी पितळी नळीतून पुढे सरकून घराच्या बाहेर आली होती आणि चौकटीला अडकून बसली होती. काडीने ती मागे ढकलून चक्री मोकळी करता करता झाखारने दोनदा बोट चिमटून घेतलं.

‘‘काडतूस खराब निघालं,’’ तो म्हणाला. ‘‘होतं एखादं.’’

पाशाने उरलेली तीनही काढून तळहातावर घेतली. तिन्हींच्या गोळ्या पुढे आल्या होत्या, कुणाची कमी, कुणाची जास्त. ती गोट्यांवर बसली आणि विचार करायला लागली.

‘‘खराब नाहीत ही,’’ ती म्हणाली. ‘‘बोट लाटेवर आपटली की फळी मागे जाते आणि फळीवरचा कप जिथल्या तिथे राहतो, बघितलंयस ना? तसं झालंय. रिव्हॉल्व्हर झटक्यात मागे येतं, पितळ त्याच्याबरोबर येतं, जड गोळी मागे यायला तयार नाही. ती सुटते पितळातून.’’

‘‘माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये कधी नाही झालं असं.’’

‘‘तुझं दीड किलोचं आहे. त्यातला अर्धा धक्का लोखंडच खातं. माझं हलकं, म्हणून थोडा मी खाते आणि बाकीचा काडतुसं खातात.’’

‘‘मग काय झालं? पहिली गोळी तर उडते ना! या काडतुसाने अस्वल पहिल्या गोळीत आडवं होतं.’’

‘‘भावजी, तुझे पाहुणे दगडावर बसून दुर्बिणीतून नेम धरतात, वर तू शेजारी उभा. माझ्या हातात दाताळं असणार, पायात कमरेपर्यंत रबरी बूट, आणि अस्वल पळत येणार. पहिली गोळी मी कुठे घालेन ते देवालाच ठाऊक. मला दुसरी पाहिजे. तिसरीपण पाहिजे.’’

झाखारकडे शहरी पाहुण्यांनी मागे टाकलेली अर्धी पेटी होती, पोकळ तोंडाच्या गोळ्यांची. ‘‘ही घे मग, मऊ आहेत,’’ तो जरा घुश्शातच म्हणाला. ती खरंच सोपी होती. पाशाने सहाच्या सहा ओंडक्यावर मारल्या, हातही दुखला नाही. लॅरीने टाळ्या वाजवल्या. पण पाशाचं समाधान होईना. त्या गोळ्या माणसांवर चालवायच्या, आत शिरल्या की उमलतात आणि थांबतात. अस्वलाच्या खांद्यावर वीतभर मांस, त्याखाली फळीसारखं हाड, आणि जीव त्याच्याही पलीकडे. तिने आयुष्यात इतकी अस्वलं सोललेली बघितली होती की हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिने शहरातल्या दुकानाला फोन लावला आणि गल्ल्यावरच्या बाईशी बराच वेळ बोलली. त्याच रिव्हॉल्व्हरात बसणारी पण आखूड, कमी दारूची काडतुसं मिळतात, ‘स्पेशल’ म्हणतात त्यांना, एवढं तिला माहीत होतं. त्यांत कडक शिशाची, जड आणि चपट्या तोंडाची गोळी मिळेल का, हे तिला हवं होतं. बाई म्हणाली, मिळेल. कडक शिसं उमलत नाही, सरळ आत जातं. वेग कमी असला तरी वजनामुळे थांबत नाही. ‘‘पण ताई, ऐकून विश्वास ठेवू नका, मारून बघा,’’ असंही म्हणाली. हे पाशाला फार पटलं.

झाखारने पुढच्या फेरीत ती आणून दिली, नाक मुरडतच. ‘‘चर्चमधल्या आजीबाईंची काडतुसं आहेत ही.’’

‘‘आजीबाईच वापरणार आहे.’’

‘‘अस्वलाला गुदगुल्या होतील.’’

‘‘हसलं तर तुला बोलावते बघायला.’’

मग पाशाने मासे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा खोका किनाऱ्यावर नेला. त्यात ओली मासिकं ठासून भरायची आणि पुढे हरणाचं खांद्याचं हाड बांधायचं असा बेत होता. हाड फ्रीझरमध्ये होतं. मासिकं घरात एकाच प्रकारची होती, लॅरीची पाककृतींची, बोटीवरच्या दिवसांपासून जपलेली.

‘‘सगळी?’’ लॅरीने विचारलं.

‘‘अस्वल जाड असतं, लॅरी.’’

‘‘ईस्टरच्या केकचा अंक नाही देणार.’’ तो शोधून त्याने छातीशी धरला, आणि बाकीची जाताना दिसू नयेत म्हणून चुलीकडे तोंड करून उभा राहिला.

तोवर ही बातमी पसरली होती. निम्मं गाव किनाऱ्यावर जमलं, कुणी घडीच्या खुर्च्या आणल्या. पाशाने तीन प्रकारची काडतुसं मारली आणि प्रत्येकानंतर झाखारला मासिकं उचकटायला लावली. पोकळ तोंडाची गोळी हाड फोडून पहिल्याच गठ्ठ्यात फुलासारखी उमलून बसली होती. जहाल काडतुसाची खोक्यातून आरपार गेली. आजीबाईंची आणली ती? हाडाला चपटं भोक, मग सूप, मग भाज्या, मग पाव, आणि खोक्याची मागची भिंत फोडून ती कड्यापाशी गोट्यांत सापडली, तोंड जेमतेम बोथटलेलं.

‘‘हं,’’ झाखार म्हणाला. त्याच्याकडून एवढंच पुष्कळ होतं.

पाशाचं मात्र अजून संपलं नव्हतं. तिने नवी सहा भरली. शेवटच्या काडतुसावर, गोळी आणि पितळ भेटतात तिथे शाईने बारीक रेघ ओढली. पाच उडवली, सहावं बाहेर काढून बघितलं. रेघ जिथल्या तिथे होती. तेच काडतूस पुन्हा शेवटच्या घरात ठेवून तिने परत पाच उडवली. गोळी सरकली नव्हती, आणि ओंडक्यावरच्या गोलात आता जागा उरली नव्हती.

‘‘ही,’’ पाशा म्हणाली आणि चष्मा खिशात घातला.

त्यानंतर दर शनिवारी ती किनाऱ्यावर जायची. दाताळं हातात घ्यायचं, टाकायचं, छातीवरून रिव्हॉल्व्हर काढायचं. पुन्हा दाताळं. येणारे-जाणारे थट्टा करायचे, ‘‘पाशा, माशांनी काय बिघडवलंय तुझं?’’ ती हात हलवायची आणि चालू ठेवायची. हाताला सवय लागली की डोक्याला विचारावं लागत नाही, हे ती बोटीवर शिकली होती.

सप्टेंबरच्या मध्याला गावात एक म्हातारं अस्वल फिरायला लागलं. अंगाने हाडकुळं, एका बाजूचा जबडा सुजलेला. दोन घरांची धुरी देण्याची खोपटं त्याने फोडली, सुकत घातलेले मासे नेले, कुत्र्यांना जुमानलं नाही. पाशाने एकदा त्याला लांबून बघितलं आणि लॅरीला म्हणाली, ‘‘ह्याचं काहीतरी दुखतंय.’’

त्या सकाळी ओढ्यावर धुकं होतं. तिने नेहमीसारखी हाक दिली, थांबून ऐकलं, पुन्हा दिली. जाळीवर बराच गाळ होता. ती या वेळी पाण्यात न उतरता बांधावर उभी राहून दाताळं मारत होती. समोरच्या काठावरची झुडपं हलली आणि ते म्हातारं बाहेर आलं. इतर अस्वलं थांबतात, हुंगतात, उभी राहून बघतात, फुत्कारतात. याने त्यातलं काही केलं नाही. कान मागे, मान खाली, आणि बांधावरून सरळ धावत आलं.

दाताळं पाण्यात पडल्याचा आवाज पाशाने ऐकला, पण आपण ते कधी टाकलं ते तिला कळलं नाही. रिव्हॉल्व्हर हातात होतं. पहिली गोळी पाण्यावर लागली, तुषार उडालेले तिला दिसले. दुसरी छातीत बसली. अस्वल अडखळलं, पण थांबलं नाही. तिसरी तिने मानेच्या बुडाशी, खांद्यावर मारली आणि तो खांदा त्याच्याखाली मोडला. ते कडेवर पडलं, ओल्या सिमेंटवरून घसरलं आणि डोहात कोसळलं. पाणी बांधावरून उसळून तिच्या बुटांवर आलं. अस्वलाने एकदा डोकं वर काढलं. पाशाने हात स्थिर करून शेवटची गोळी मारली, त्याला जास्त सोसावं लागू नये म्हणून.

मग सगळं शांत झालं. कानात शिट्टी वाजत होती. तिने डोक्यापासून छातीवर, उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर क्रूस केला आणि म्हणाली, ‘‘माफ कर, म्हाताऱ्या.’’ बसावं असं फार वाटलं. आणि तेवढ्यात तिला दिसलं की पाणी लाल होतंय आणि लाल पाणी जाळीकडे चाललंय.

‘‘अरे देवा! माझं पाणी!’’

खुबा विसरून ती बांधाच्या टोकाला धावली आणि झडपेचं लोखंडी चाक दोन्ही हातांनी फिरवायला लागली. चाक नेहमी जड जायचं. त्या दिवशी ते तिने एका दमात बंद केलं. मग कमरेचा वायरलेस काढला.

‘‘निकिता हार्बर, सगळ्यांना सांगते. मी पाशा. नळ बंद करा. कुणी पाणी पिऊ नका. डोहात अस्वल पडलंय.’’

मग झाखारचा आवाज आला, ‘‘वहिनी, तू ठीक आहेस?’’

‘‘मी ठीक आहे. अस्वल नाही.’’

‘‘आता नळ बंद करू? माझ्या डोक्याला साबण लागलाय!’’

‘‘तसाच ये. दोर आण.’’

तो खरंच तसा आला, टोपीखालून फेस गळत होता. मागोमाग अर्धं गाव, दोर, चार चाकांच्या दोन छोट्या गाड्या. डोहाचा काठ निसरडा, अस्वल पाणी पिऊन दुप्पट जड झालेलं. पहिला दोर तुटला आणि ओढणारे सगळे एकावर एक पडले. दुसऱ्या वेळी पाशाने बांधावर उभं राहून, बोटीवर जाळी ओढताना देतात तशा आरोळ्या दिल्या आणि त्या तालावर ते वर आलं. सगळ्यात शेवटी लॅरी पोचला. दोन काठ्या टेकत, पाठीवर चहाचा थर्मास आणि लोणी लावलेली जाड बिस्किटं घेऊन, त्या गुडघ्यांनी तो एवढा चढ चढून आला होता. अस्वलाकडे त्याने बघितलंच नाही. पाशाचे दोन्ही हात घेऊन उलटसुलट करून बघितले, बोटं मोजल्यासारखी. मग म्हणाला, ‘‘खाऊन घे आधी.’’ तेव्हा ती बसली, आणि बिस्किट हातात धरून थोडा वेळ रडली. कुणी तिकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी छोट्या विमानाने सरकारी माणूस आला. स्वतःच्या बचावात मारलेल्या अस्वलाचं कातडं आणि कवटी सरकारात जमा करावी लागते. झाखारने ते आधीच सोलून ठेवलं होतं. जबड्यात दाढेखाली मोठं गळू होतं, हाड कुजलेलं. किती दिवस ते धड खाऊ शकलं नसेल, कोण जाणे. खांद्यातून गेलेली गोळी हाड फोडून पार पलीकडच्या कातडीखाली सापडली.

‘‘कोणतं काडतूस हे?’’ सरकारी माणसाने विचारलं.

पाशा उत्तर देणार एवढ्यात झाखार छाती काढून म्हणाला, ‘‘स्पेशल. कडक शिसं, चपटं तोंड. हलक्या रिव्हॉल्व्हरला तेच लागतं, जास्त जहाल घेतलं तर चक्री अडकते. मीच आणून दिली.’’

लॅरीला एकदम खोकला आला. पाशा म्हणाली, ‘‘हो. भावजींनी आणून दिली.’’

रविवारी तिने चर्चमध्ये मेणबत्ती लावली. कुणासाठी, ते तिने सांगितलं नाही आणि लॅरीने विचारलं नाही. त्याआधीचे दिवस तिला मेणबत्तीचाही विचार करायला सवड नव्हती. डोह रिकामा केला, भिंती घासल्या, पाइपात क्लोरीन भरून ठेवलं, सोडलं, पुन्हा भरलं. गावाने तोवर टाकीत आधी साठलेलं पाणी पुरवून पुरवून वापरलं. नमुने विमानाने शहरात गेले. पाणी स्वच्छ असल्याचा निरोप आला, आणि पाशाने वायरलेसवर ते जाहीर करून नळ सोडले.

पण कुणी पाणी पिईना. लोक नळाखाली भांडं धरायचे, वास घ्यायचे आणि ओतून द्यायचे. दुकानातल्या पाण्याच्या बाटल्या संपल्या. कुणी पावसाचं पाणी धरायला पिंपं लावली. तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं, पण पाशाला कळत होतं. अस्वलासमोर ती उभी राहिली होती, हे मात्र तिला सहन होईना.

त्याच रविवारी प्रार्थना झाल्यावर तिने सगळ्यांना गावाच्या सभागृहात थांबवून घेतलं. स्वयंपाकघरातल्या नळाखाली मोठा काचेचा जग भरला, तो सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला आणि एक पेला ओतला.

‘‘पाणी माझं आहे,’’ ती म्हणाली. ‘‘वीस वर्षांत कुणाचं पोट दुखलं असेल तर उभं राहून सांगा.’’

कुणी उभं राहिलं नाही. तिने पेला एका घोटात रिकामा केला, दुसरा भरला आणि तोही प्यायली. लॅरीने पुढे येऊन तिसरा घेतला. झाखार भिंतीला टेकून उभा होता. सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळल्यात हे पाहून तो आला, डोळे मिटून प्यायला, आणि मिशा पुसत म्हणाला, ‘‘अस्वल लागत नाही चवीला.’’ हशा पिकला, तरी बाकीचे जागचे हलले नाहीत.

तेव्हा पहिल्या बाकावरून मात्रोना आजी उठली. गावातली सगळ्यात म्हातारी, नव्वदीच्या पुढची, पाठ पार वाकलेली. तिने पेला दोन्ही हातांत धरला आणि हळूहळू, मधेमधे श्वास घेत, तळापर्यंत पाणी संपवलं. आजीने जीभ ओठांवरून फिरवली, विचार केला आणि पाशाकडे बघितलं.

‘‘पोरी, क्लोरीन फार झालंय.’’

‘‘दोन दिवसांत कमी होईल, आजी.’’

‘‘कर कमी. चहा बिघडतो.’’ आणि पेला पुढे करून म्हणाली, ‘‘तोवर आणखी एक दे.’’

मग बाकं सरकल्याचा आवाज झाला आणि लोक आपापले कप घेऊन रांगेत येऊन उभे राहिले.